पेढीवरचा नवा माणूस



बळसाण्याला श्री विमलनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन परतताना साक्रीला एका स्नेह्यांच्या पेढीवर तासभर बसण्याचा योग आला. बियाणे, खते आणि पीकसंरक्षक औषधे यांचे त्यांचे दुकान तीन पिढ्यांपासून चालत आलेले आहे. पावसाळ्याचे दिवस असल्याने ग्राहकांची गर्दी होती. सहा आठवड्यांपूर्वी कामावर लागलेला एक तरुण माल देत होता. एका वृद्ध शेतकऱ्याने तणनाशक मागितले. मुलाने तत्परतेने फळीवरची बाटली काढून पुढे ठेवली आणि बिल करण्यासाठी पुस्तक ओढले. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या जुन्या विक्रेत्याने सहज विचारले, "कोणतं पीक शे, आबा?"

"कपाशी," आबा म्हणाले.

जुन्या विक्रेत्याने काही न बोलता बाटली उचलून परत फळीवर ठेवली. ती टू-फोर-डी या औषधाची होती. मका, ऊस, गहू अशा पिकांत रुंद पानांचे तण मारण्यासाठी ते वापरतात. कपाशी ही स्वतःच रुंद पानांची. शेजारच्या शेतातून या औषधाचा नुसता वारा आला तरी तिची पाने आकसतात आणि झाड वेडेवाकडे वाढू लागते. प्रत्यक्ष फवारणी झाली असती, तर त्या गृहस्थांचे बियाणे, खत, निंदणी आणि सगळा हंगाम एका दुपारी मातीमोल झाला असता.

ग्राहक गेल्यावर शेठ त्या मुलावर रागावले. "याला पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते," ते मला म्हणाले. चहा आल्यावर राग थोडा निवला आणि मनातली दुसरी गोष्टही बाहेर आली. "आणि फार शिकवूनही काय उपयोग? चांगला तयार झाला की हाच समोर दुकान टाकतो."

या दोन वाक्यांवर मी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. ती केवळ साक्रीच्या एका पेढीची नाहीत. पिंपळनेरच्या किराणा दुकानात, दोंडाईच्याच्या भुसार आडतीत, धुळ्याच्या कापडपेठेत, जळगावच्या सराफ्यात, कोठेही ती ऐकू येतात. पहिल्या वाक्यात शिकवण्याच्या रीतीचा प्रश्न आहे आणि दुसऱ्यात शिकवणाऱ्याच्या मनाचा. आजच्या लेखात दोहोंचा क्रमाने विचार करू.

"सगळे सांगितले होते" हे शेठजींचे म्हणणे खोटे नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला फळ्या दाखवल्या, कंपन्यांची नावे सांगितली, बिल कसे करायचे, उधारी कोणाला द्यायची, गोदामाची किल्ली कोठे असते, हेही सांगितले. एका तासात शंभर गोष्टी त्याच्या कानावर पडल्या. त्यांपैकी एक गोष्ट त्या दिवशी सर्वांत महत्त्वाची होती: तणनाशक देण्यापूर्वी पीक विचारणे. ती त्या शंभर गोष्टींच्या गर्दीत हरवली. सांगणाऱ्याने तिला वेगळे काढून ठेवले नव्हते, म्हणून ऐकणाऱ्यालाही ती वेगळी दिसली नाही.

कामाच्या जागी माणूस कसा शिकवावा, याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. जहाजबांधणीसाठी हजारो नवखे कामगार अल्पावधीत तयार करावयाचे होते. चार्ल्स ॲलन या गृहस्थांनी त्यासाठी शिकवण्याच्या चार पायऱ्या बसवल्या आणि १९१९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. प्रथम शिकणाऱ्याचे मन तयार करणे, मग काम करून दाखवणे, मग त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी तो एकटा करू शकतो का ते पाहणे, अशा त्या चार पायऱ्या होत. दुसऱ्या महायुद्धात याच पायावर कारखान्यांतील मुकादमांना शिकवण्याची मोठी योजना उभी राहिली आणि सोळा लाखांहून अधिक पर्यवेक्षक तिच्यातून तयार झाले. युद्धानंतर ती पद्धत जपानमध्ये पोचली आणि टोयोटासारख्या कारखान्यांनी ती आपलीशी केली.

त्या पद्धतीतील एक साधी युक्ती आपल्या दुकानांना फार उपयोगी आहे. काम शिकवण्यापूर्वी शिकवणाऱ्याने एका कागदावर तीन रकाने आखावेत: कृती, मर्म आणि कारण. तणनाशक देण्याचेच उदाहरण घेऊ. कृती: ग्राहकाला पीक विचारणे. मर्म: बाटलीला हात लावण्यापूर्वी विचारणे. कारण: एका पिकाला तारणारे औषध दुसऱ्या पिकाला मारते. मग पुढची कृती: वेष्टनावरील मुदत पाहणे. मर्म: तारीख ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवणे. कारण: चूक झाल्यास ती दुकानातच सापडते. असा कागद लिहायला बसले की मालकाच्याच लक्षात येते की, आपल्या हाताला जे सहज जमते त्यातील निम्मे आपण कधी शब्दांत सांगितलेलेच नाही. वीस वर्षांच्या सवयीने मर्म अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेली गोष्ट सांगायची राहून जाते.

आता हे शिकवणे प्रत्यक्षात कसे करावे? त्यासाठी आपल्याला दूर जाण्याची आवश्यकता नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. उत्तराध्ययन सूत्रातही ही पाच अंगे येतात. तेथे आम्नायाला परावर्तना आणि धर्मोपदेशाला धर्मकथा म्हटले आहे. स्वाध्याय हे आभ्यंतर तप आहे आणि त्याचे प्रयोजन आत्मशुद्धी हे आहे, दुकानदारी नव्हे, याचे भान मला आहे. तथापि मनुष्याचे मन एखादी गोष्ट कशी आत्मसात करते, याचा जो क्रम आपल्या आचार्यांनी ओळखला, तो व्यवहारातही वाट दाखवतो.

वाचना म्हणजे निर्दोष पाठ देणे. देणाऱ्याचा पाठ शुद्ध हवा, ही तिची पहिली अट आहे. दुकानात थोरला भाऊ एक रीत सांगतो, धाकटा दुसरी सांगतो आणि मुनीमजी तिसरी, असे होते तेव्हा नव्या माणसाने काय धरावे? म्हणून प्रथम घरच्यांनी एकत्र बसून रीत ठरवावी आणि शिकवण्याचे काम एकाकडेच सोपवावे. पाठ लहान असावा. एका आठवड्याला एक कौशल्य पुरे. भाषेचाही विचार हवा. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून येणाऱ्या मुलांची घरची बोली भिलीसारखी निराळी असते, इतर अनेकांची अहिराणी. वेष्टनावरील छापील मराठी त्यांना वाचता येते, परंतु गर्दीत घाईने वाचलेले प्रत्येक वेळी उमगतेच असे नाही. त्यांच्या बोलीत एकदा समजावले तर तो वेळ वाया जात नाही.

पृच्छना म्हणजे विचारणे. शंका दूर करण्यासाठी आणि समजलेले पक्के करण्यासाठी. आपल्या पेढ्यांवर हे अंग सर्वांत दुर्बळ आहे. "समजले का?" या प्रश्नाला नोकर नेहमी "हो, शेठ" असेच उत्तर देतो. त्या 'हो'मध्ये समज किती आणि भीड किती, हे कळत नाही. त्याऐवजी "आता तू मला ग्राहक समज आणि माल दे," असे म्हणावे. आणि त्याने प्रश्न विचारला, तर गर्दीत त्याचा उपहास होऊ नये. ज्याला एकदा चारचौघांत "एवढेही येत नाही?" असे ऐकावे लागले, तो पुन्हा विचारत नाही, अंदाजाने बाटली काढतो.

अनुप्रेक्षा म्हणजे समजलेल्या अर्थाचे मनात चिंतन. कारणाचा रकाना येथे कामी येतो. ज्या मुलाला टू-फोर-डी कपाशीला का चालत नाही हे ठाऊक आहे, तो उद्या भेंडी किंवा द्राक्षवेलीसाठी कोणी तणनाशक मागितले तरी थबकेल, कारण तीही रुंद पानांचीच. ज्याला केवळ "कपाशीला देऊ नको" एवढेच ठाऊक आहे, तो थबकणार नाही.

आम्नाय म्हणजे शुद्ध आवृत्ती. आपली मुले पाठशाळेत लोगस्स आणि प्रतिक्रमणाची सूत्रे कशी पाठ करतात ते आठवावे. गुरुजी एकदा म्हणून दाखवतात आणि थांबतात असे होत नाही. दुसऱ्या दिवशी ऐकतात, आठवड्याने ऐकतात, उच्चार चुकला तर तेथेच सुधारतात. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की, पाठ केलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरला जातो आणि मध्ये अंतर सोडून केलेली उजळणी अधिक टिकते. पाठशाळेने हे तत्त्व प्रयोगाशिवाय जपले आहे. दुकानातही तसेच करावे. सकाळी झाडलोट आणि दिवाबत्ती झाल्यावर, पहिला ग्राहक येण्यापूर्वी दहा मिनिटे कालचा पाठ ऐकावा. आठवडे बाजाराच्या दिवशी नवा पाठ देऊ नये. त्या दिवशी फक्त निरीक्षण करावे.

धर्मोपदेश म्हणजे शिकलेले दुसऱ्याला सांगणे. मुलाला तीन महिने झाले की पुढच्या नव्या मुलाला एक पाठ त्याच्याकडून द्यावा. सांगताना त्याच्याच समजुतीतील भोके उघडी पडतात आणि ती बुजवण्याची इच्छाही होते.

पाचही अंगे झाली तरी एक प्रश्न उरतो: शिकवणे फळाला आले हे ओळखावे कसे? अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये त्यासाठी चार पातळ्या मांडल्या. शिकणाऱ्याला शिकवणे कसे वाटले. तो काय शिकला. कामावर त्याचे वागणे बदलले का. आणि धंद्यावर त्याचा परिणाम काय झाला. आपण बहुधा पहिल्या पातळीवरच थांबतो. कंपनीचा प्रतिनिधी हॉटेलात बैठक घेतो, चित्रफीत दाखवतो, जेवण उत्तम असते आणि सर्व जण समाधानाने परततात. खरी कसोटी तिसऱ्या पातळीची आहे. गर्दीच्या वेळी, मालक समोर नसताना, मुलगा पीक विचारतो का? हे पाहण्यासाठी महिन्याकाठी एक तास दुकानाच्या बाकावर ग्राहकासारखे बसणे पुरेसे आहे. माल परत येण्याच्या, बिल दुरुस्त करण्याच्या आणि तक्रारीच्या नोंदी एका वहीत ठेवल्या, तर चौथी पातळीही आपोआप दिसू लागते.

कृषी निविष्ठांच्या व्यवसायात या साऱ्याला विशेष वजन आहे. हैदराबाद येथील 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून अशा विक्रेत्यांसाठी 'देसी' ही पदविका सुरू केली. एकूण ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस. त्यांतील ४० दिवस वर्गात आणि ८ दिवस शेतभेटी, अशी तिची रचना आहे. वर्षभर दर आठवड्याला थोडे, आणि वर्गाबरोबर शेतही, ही आखणी आपण वर पाहिलेल्या तत्त्वांना धरूनच आहे. आपल्या समाजातील विक्रेत्यांनीही तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र पदविका घेतात मालक, आणि फळीवरची बाटली काढतो नोकर. मालकाने वर्गात मिळवलेले ज्ञान त्या चार पावलांच्या अंतरावर पोचले नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि चूक ग्राहकाच्या शेतात जाते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पुरुषभर उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, अशी अनेक कारणे पुढे आली. त्या सर्वांवर विक्रेत्याचा ताबा नसतो. परंतु औषध शेतात जाण्यापूर्वीचा शेवटचा बोलका माणूस तोच असतो. वेष्टनावरील रंगीत त्रिकोण तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असतो. हातमोजे व तोंडावर आच्छादन हवे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. एवढे सांगायला एक मिनिट लागते. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे, हे आपण जाणतो. ज्या घरांचा निर्वाह आज या व्यवसायावर आहे, त्यांच्यावर यतनेची जबाबदारी इतरांहून अधिक येते, आणि ती यतना नोकराच्या हातून घडायची असेल तर ती त्याला शिकवावीच लागते.

आता शेठजींच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. शिकवलेला माणूस समोर दुकान टाकतो, ही भीती निराधार नाही. असे घडते, आणि घडल्यावर मनाला लागते. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची जी कारणे दिली आहेत, त्यांत निह्नव आणि मात्सर्य ही दोन आहेत. ठाऊक असलेले लपवणे हा निह्नव. पात्र माणसालाही असूयेने न देणे हे मात्सर्य. पेढीचे प्रत्येक गुपित नोकराला सांगावे, असे मी म्हणत नाही. खरेदीचा भाव, आसामींची पत, घरचा हिशेब या मालकाच्या गोष्टी आहेत. परंतु ज्या कामासाठी आपण त्याला पगार देतो, ते काम नीट करण्याचे ज्ञानही राखून ठेवणे, यात कोणाचे हित आहे? शिकून गेलेल्या माणसाने होणारे नुकसान एकदाच होते. न शिकता राहिलेल्या माणसाने होणारे नुकसान रोज होते, आणि त्यातील पुष्कळसे ग्राहक मुकाट्याने सोसतो.

आणखी एक गोष्ट आठवावी. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज राजस्थानातून खानदेशात आले तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल थोडेच होते. कोणाच्या तरी पेढीवर त्यांनी आश्रय घेतला, बासात जेवले, गादीच्या कडेला बसून पावकी-निमकीचे पाढे, रोजमेळ आणि खतावणी शिकले. काही वर्षांनी त्यांतील अनेकांनी स्वतःची दुकाने टाकली. कोणी शेजारच्या गावी, कोणी त्याच पेठेत. त्या वेळच्या शेठजींनी "शिकवून काय उपयोग?" असे म्हटले असते, तर आज आपल्या नावाच्या पाट्या या बाजारांत लागल्या असत्या का? आपण स्वतः शिकून गेलेल्या मुलांचे वारस आहोत. फरक एवढाच की, तेव्हा शिकणारा बहुधा नात्यातला किंवा समाजातला असे. आज तो कोण्या भिल्ल, कोकणी, माळी किंवा पाटील घरातला असतो. त्याला नोकर म्हणून ठेवायचे आणि शिकणारा म्हणून मात्र नाकारायचे, हे न्यायाला धरून नाही.

शिकवण्याने व्यापार वाढतो याचे मोठे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात घासलेटच्या विक्रीपासून सुरुवात केली. पुढे ठिबक सिंचनात उतरल्यावर त्यांच्या संस्थेपुढे अडचण आली ती समजावण्याची. नळी विकणे सोपे. पण गाळणी धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ काढणे, तोट्या चोंदू नयेत म्हणून पाण्याची प्रक्रिया करणे, हे शेतकऱ्याला आले नाही तर दोन हंगामांत संच निरुपयोगी होतो आणि नाव कंपनीचे जाते. म्हणून जैन हिल्सवर प्रात्यक्षिकाचे मळे उभे राहिले, शेतकरी तेथे येऊन पाहू लागले आणि संस्थेचे कृषितज्ज्ञ बांधावर जाऊन शिकवू लागले. तेथे शिकवणे हा विक्रीचाच भाग झाला. आपले दुकान कितीही लहान असले तरी हा हिशेब तोच आहे.

साक्रीच्या त्या शेठजींना मी निघताना एवढेच म्हटले, "शेठजी, एक कागद लिहून पाहा." दोन आठवड्यांनी त्यांचा दूरध्वनी आला. तणनाशकाचा एकच कागद लिहायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या होत्या, कारण जुन्या विक्रेत्याशी बोलताना त्यांना स्वतःलाही ठाऊक नसलेली दोन मर्मे निघाली. मुलगा आता पीक विचारतो. मध्येच विसरतो, तेव्हा जुना विक्रेता त्याच्या पाठीवर हात ठेवतो. समोर दुकान टाकण्याची भीती मात्र शेठजींच्या मनातून गेलेली नाही, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी म्हणून ज्ञानाची आराधना करतो. पोथ्यांचे पूजन करतो. त्याच दिवशी लाभपंचमीचा मुहूर्त धरून आपली दुकाने नव्या वर्षाच्या व्यवहाराला उघडतात. यंदाच्या पंचमीला नव्या वह्यांबरोबर तीन रकान्यांचा एक कोरा कागदही गादीवर ठेवावा, आणि पेढीवर सर्वांत अलीकडे आलेल्या माणसाला जवळ बसवून, त्याच्याबरोबर तो भरायला घ्यावा, एवढी विनंती करून या महिन्यापुरता निरोप घेतो.

जय जिनेंद्र.